शुभवर्तमानातील दाखले आणि त्यांचे मराठी शिष्य

वार्षिक परीक्षेचे निकाल लागले की माझ्या टेबलावर दाखल्यांची चळत साचू लागते. कुणाच्या वडिलांची चंडीमंदिर छावणीतून बदली झालेली असते, कुणाचे कुटुंब पुण्याला किंवा नागपूरला परत निघालेले असते. शाळा सोडल्याचा दाखला हा मुख्याध्यापकाच्या हातून सर्वांत अधिक वेळा सही होऊन जाणारा कागद असावा. या कागदाचेच नाव मराठी बायबलमध्ये एका निराळ्याच गोष्टीला आहे, हे मला एम. ए.च्या वर्गात प्रथम कळले. येशू ख्रिस्ताने सांगितलेल्या बोधकथांना मराठी ख्रिस्ती समाज ‘दाखले’ म्हणतो : पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला, उधळ्या पुत्राचा दाखला. अरबी-फारसीच्या वाटेने आलेल्या या शब्दाला मराठीत पुरावा, उदाहरण आणि प्रमाणपत्र असे तिन्ही अर्थ आहेत. हे तिन्ही अर्थ या कथांना कसे लागू पडले, हे मराठी माणसांच्या इतिहासातून पाहावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. मी स्वतः वारकरी घरातली. धर्ममतांची चर्चा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु मराठी भाषेची शिक्षिका या नात्याने हा विषय मला परका वाटत नाही.

दृष्टान्त सांगून शिकविण्याची रीत महाराष्ट्राला नवीन नव्हती. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टान्त केशिराजबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त संकलित केले. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट आपण शाळेत ऐकतो, ती या ग्रंथातही आहे. तेथे आधी सूत्र येते, मग दृष्टान्त आणि शेवटी त्याचा उलगडा. शुभवर्तमानांतील दाखल्यांची सामग्रीही अशीच रोजच्या व्यवहारातली आहे : बियाणे, मेंढरे, पिठात कालवलेले खमीर, मोहरीचा दाणा, द्राक्षमळ्यातील रोजंदारी. मात्र त्यांतील कित्येकांना उलगड्याचे शेपूट नाही. ‘माझा शेजारी कोण?’ असा प्रश्न घेऊन आलेल्या शास्त्र्याला येशू एका वाटसरूची गोष्ट सांगतो. चोरांनी मारून टाकलेल्या त्या माणसाला पाहून याजक आणि लेवी बाजूने निघून जातात; ज्याला समाज हीन लेखत होता तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो आणि उतारशाळेचा खर्चही देतो. मग येशू प्रश्न उलटा फिरवतो : या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा मुलगा घरी परततो, मेजवानी सुरू होते आणि रागावलेला थोरला भाऊ दाराबाहेर उभा राहतो. तो आत गेला की नाही, हे गोष्ट सांगतच नाही. तेथून पुढची गोष्ट ऐकणाऱ्याने आपल्या वागण्याने पुरी करावयाची असते. शिष्यत्व म्हणतात ते बहुधा हेच.

या कथा मराठीत आल्या त्याला चार शतके उलटली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि साष्टी भागात चाळीस वर्षे राहिला. गावोगावच्या नवख्रिस्ती लोकांना आपल्या पुराणांची सवय होती. ती सुटल्यावर त्यांच्या मनात पडलेली पोकळी त्याने ओळखली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. परदेशी माणसाने मराठी ओवी इतकी आत्मसात करावी, याचे नवल आजही ओसरलेले नाही. परंतु इतिहास लिहिताना अर्धेच पान वाचून चालत नाही. याच साष्टीत १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचा धाक होता. शेजाऱ्यावर प्रेम करा असे शिकविणारी कथा आणि शेजाऱ्याचे देऊळ पाडणारी सत्ता एकाच जहाजातून आली. पुराणे हरवलेल्या माणसांसाठी पुराण लिहावेसे एका पाद्र्याला वाटले, ही त्या काळोखातील पणती खरी; तिच्या उजेडात काळोख नाकारता मात्र येत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात छापखान्याने हे काम हाती घेतले. बंगालमधील सेरामपूरहून विल्यम केरी यांच्या मंडळीने १८११ साली मराठी नवा करार प्रसिद्ध केला. १८२६ साली मुंबईच्या अमेरिकन मिशनने आपले भाषांतर छापले. त्या मिशनच्या माणसांनी शाळाही काढल्या, मुलींसाठीसुद्धा. पण पंडितांच्या मदतीने परक्यांनी केलेली ती मराठी अजून अंगाला घट्ट बसत नव्हती. तिला घरचा सूर मिळाला तो एका कवीमुळे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाश्चात्त्य पोशाखातील ख्रिस्त त्यांना मानवला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, मिशनची चाकरी आणि पगार दोन्ही सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा असावी, ही त्यांची इच्छा होती. दोन वर्षांनी त्यांचे देहावसान झाले आणि त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले.

जाळी टाकून शिष्य येशूच्या मागे निघाले, असे शुभवर्तमान सांगते. त्यांच्या घरी त्या रात्री चूल कोणी पेटवली, हे ते सांगत नाही. मराठीत मात्र याचे उत्तर एका स्त्रीने लिहून ठेवले आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट, लोकनिंदा आणि लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहणे आले. पुढे त्या पतीकडे गेल्या, सोवळ्याओवळ्याची एकेक गाठ स्वतःच्या हाताने सोडली आणि आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि मराठी आत्मचरित्राचा मानदंड ठरली. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेऊन पूर्ण केले. शिष्यत्वाची किंमत शिष्य एकटा मोजत नाही, त्याचे घरही मोजते. हे सत्य लक्ष्मीबाईंनी कसलाही कडवटपणा न ठेवता, हसतहसत सांगितले.

लूकच्या शुभवर्तमानात हरवलेल्या नाण्याचा एक लहानसा दाखला आहे. एका बाईजवळ दहा नाणी असतात, त्यांतले एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडून काढते आणि ते सापडेपर्यंत शोधते. या दाखल्यात शोधणारी स्त्री आहे, म्हणून मला पंडिता रमाबाई हटकून आठवतात. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या कन्येला कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली ‘पंडिता’ म्हणून गौरविले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. ते पुढे पुण्यास गेले आणि तेथे धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. रमाबाईंच्या सहानुभूतीतील पुष्कळ माणसे त्यांच्यापासून दुरावली. त्या वादात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांताच्या रस्त्यांवर पडलेल्या मुलींसाठी दिवा घेऊन निघाल्या त्या रमाबाईच. शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथे मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या. आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळावरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. पंडितांना कळेल असे लिहिणे त्यांना सहज शक्य होते. पण आपल्या आश्रमातील अडाणी बाईला वाचता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. काम हातावेगळे झाले आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी डोळे मिटले. दोन वर्षांनी ते बायबल प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे मुक्तीतील स्त्रियांनीच जुळविले होते.

आपण ज्या भूमीत राहतो तिच्यातही असा एक दाखला आहे. चंडीगडहून लुधियाना सुमारे शंभर किलोमीटर. त्या जिल्ह्यातील रामपूर गावी १८८९ साली एका संपन्न शीख घरात सुंदरसिंग जन्मला. आई गेल्यावर सैरभैर झालेल्या या मुलाने शुभवर्तमानाची पाने जाळली होती. त्याच मुलाने १९०५ साली, आपल्या सोळाव्या वाढदिवशी, सिमल्यास बाप्तिस्मा घेतला. घराने त्याला दूर केले. थोड्याच दिवसांत तो भगवी कफनी घालून अनवाणी निघाला आणि साधू सुंदरसिंग म्हणून ओळखला जाऊ लागला. टिळक साताऱ्यास दरबार मांडण्याच्या बारा वर्षे आधीची ही गोष्ट. सह्याद्रीच्या आणि शिवालिकच्या पायथ्याशी राहणाऱ्या दोन माणसांना ख्रिस्ताचा शिष्य भारतीय वेषातच शोभतो असे वाटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सुंदरसिंग स्वतःही दाखल्यांतून बोलत. हिमालयातील बर्फवृष्टीत ते एका तिबेटी सोबत्याबरोबर चालले असता उतारावर कोसळलेला एक माणूस दिसला, हा अनुभव ते सांगत. सोबती म्हणाला, त्याला वाचवू गेलो तर आपणही मरू. आणि तो पुढे निघून गेला. सुंदरसिंगांनी त्या माणसाला पाठीवर घेतले. ओझ्याच्या श्रमाने आणि दोन देहांच्या उबेने दोघेही जगले. वाटेत त्यांना आढळला तो पुढे गेलेल्या सोबत्याचा गोठलेला देह. १९२९ साली ते पुन्हा तिबेटच्या वाटेने गेले आणि परतले नाहीत.

शोमरोन्याच्या दाखल्याने तर दोन्ही मुलुखांत भिंती उभ्या केल्या. १८९४ साली लुधियान्यात डॉ. एडिथ ब्राऊन यांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. आजचे तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज तिच्यातूनच वाढले. त्याच १८९४ साली मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय सुरू झाले. मिरज हे माझे आजोळ. आमच्या घरी ‘मिशन’ म्हणजे धर्म नव्हे, ‘मिशन’ म्हणजे दवाखाना, एवढाच अर्थ होता. माझी आजी एकादशी कधी चुकवीत नसे, आणि मिशनच्या डॉक्टरांचा शब्दही कधी मोडीत नसे. शेजारी कोण, या प्रश्नाचे तिच्यापुरते उत्तर तिला मिळालेले होते.

हा इतिहास येथवर आणल्यावर मला माझा स्वतःचा एक दाखला सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा वारंवार गैरहजर राहू लागला. गणितात आणि इंग्रजीत तो मागे पडला होता. पुढच्या वर्षी दहावी. आम्ही सर्वांनी मनाशी ठरविले होते की या वेळी निकाल शंभर टक्के लागला पाहिजे. त्याचे वडील दाखला मागायला आले. थोडे घुटमळले, त्यांना काही बोलायचे असावे. मी विचारले नाही. सही केली, शिक्का मारला. पुढच्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला, फलकावर लिहिला गेला, पेढे वाटले गेले.

त्यानंतर एकदा हरवलेल्या मेंढराचा दाखला पुन्हा वाचनात आला. मेंढपाळाजवळ शंभर मेंढरे असतात. एक हरवते तेव्हा तो नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात जातो. ते खांद्यावर घेऊन परततो तेव्हाच त्याचे शंभर पुरे होतात. आमचे शंभर पुरे झाले होते ते एक गेल्यामुळे. त्या क्षणी फलकावरचा आकडा मला टोचू लागला, तो अजूनही टोचतो. त्या मुलाचा पुढे शोध घेण्याचा प्रयत्न मी केला. दाखल्यावर लिहिलेल्या शाळेत तो पोहोचलाच नव्हता.

तेव्हापासून एक पथ्य मी पाळते. दाखल्यावर सही करण्यापूर्वी मुलाला समोरच्या खुर्चीवर बसवते आणि विचारते, ‘कुठे निघालास बाळ? का निघालास?’ बहुतेकांचे उत्तर बदलीचे असते. क्वचित एखादा गप्प राहतो. त्या दिवशी सही होत नाही. त्याच्या आईवडिलांना बोलावणे जाते. या चौकशीतून आजवर चार मुले शाळेत राहिली. त्यांच्यामुळे आमचा निकाल एक-दोनदा शंभरावरून खाली आला, तेही येथे नोंदवून ठेवते.

शाळेला साठ वर्षे झाली. या काळात आपल्यापैकी कित्येकजण येथून दाखला घेऊन गेले आणि मोठे झाले. त्यांच्या यशाच्या नोंदी या स्मरणिकेत जागोजागी आहेत. त्यांचा आम्हांला अभिमान आहेच. परंतु साठ वर्षांच्या हजेरीपटांत लाल शाईने काट मारलेली काही नावेही आहेत, आणि तीही आपलीच आहेत. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की आपल्या बाकावर शेजारी बसणारा, मध्येच शाळा सोडून गेलेला एखादा सोबती आठवत असेल, तर त्याचा शोध घ्यावा आणि हीरक महोत्सवाच्या समारंभाला त्याला सोबत आणावे. त्याच्याकडे दाखला मागितला जाणार नाही.