चारपैकी तीन : न जुळणाऱ्या लक्षणांचा इतिहास

लोहाऱ्याच्या आमच्या काकूला मी एकदा विचारलं, "नेमकं कुठं दुखतं?" ती म्हणाली, "कुठी दुखते हे नको इचारू बाप्पा, कुठी नाही दुखत हे इचार."

कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळच्या थंडीत तिची बोटं आधी पांढरी पडायची, मग निळी. हातांचे सांधे सुजायचे, केस गळायचे, तोंडात फोड यायचे. बोटांसाठी एक डॉक्टर, केसांसाठी दुसरे, सांध्यांसाठी तिसरे. यवतमाळ शहर जवळच, पण प्रत्येकाकडची फाइल वेगळी. सगळ्या फायली एका टेबलावर यायला चार वर्षं गेली. मग एएनए चाचणी झाली, ती पॉझिटिव्ह आली आणि 'ऑटोइम्यून' हा शब्द आमच्या घरात आला. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटणं. तरीही संधिवाततज्ज्ञ म्हणाले, "ल्युपससारखं दिसतंय, पण नाव आत्ताच पक्कं करत नाही."

असं का झालं, हे समजायला थोडा इतिहास पाहू. संशोधनाची तयारी करताना तो तुमच्याही कामाचा आहे.

ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. बराच काळ हा त्वचेचा रोग समजला जाई. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या मोरित्झ कापोसी यांनी दाखवलं, की चट्ट्यांसोबत ताप, सांधेदुखी आणि शरीराच्या आतले बिघाडही असू शकतात. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांना रुग्णांच्या अस्थिमज्जेत 'एलई पेशी' दिसल्या. या आजाराची एक खूण सूक्ष्मदर्शकाखाली सापडली. १९७२ मध्ये शार्प आणि सहकाऱ्यांनी २५ रुग्णांचं वर्णन केलं. त्यांच्यात ल्युपस, स्क्लेरोडर्मा आणि स्नायूंचा दाह यांची लक्षणं एकमेकांत मिसळलेली होती. त्याला वेगळं नाव मिळालं. पुढे यातल्या काहींचा आजार स्क्लेरोडर्माकडे झुकला, आणि हा खरंच स्वतंत्र रोग आहे का, हा वाद सुरू झाला.

आता निकषांकडे या. ल्युपसच्या अभ्यासासाठी १९७१ मध्ये १४ निकषांची यादी ठरली. त्यातले किमान ४ जुळले, तर तो रुग्ण 'ल्युपस' म्हणून मोजायचा. काकूला लावून बघा : बोटांचा रंग बदलणं, केस गळणं, तोंडातले फोड, सांध्यांची सूज. झाले चार! १९८२ मध्ये यादी सुधारली, निकष ११ झाले. बोटं आणि केस बाहेर गेले, एएनए आत आली. आता काकूचे तीनच जुळतात. २०१९ च्या निकषांत आधी एएनए पॉझिटिव्ह हवी, मग गुण मोजायचे आणि १० गाठायचे. सांध्यांचे ६. तोंडातल्या फोडांचे २ आणि केसांचेही २, पण दोन्ही एकाच गटात, म्हणून २ एकदाच धरायचे. एकूण ८.

म्हणजे काकू तीच, दुखणं तेच. १९७१ च्या अभ्यासात ती असती, १९८२ आणि २०१९ च्या अभ्यासांत नसती.

यात निकष करणाऱ्यांची चूक नाही. संशोधनात रुग्णांचा गट शक्य तितका एकसारखा लागतो, त्यासाठीच हे निकष आहेत. दवाखान्यातलं निदान हे वेगळं काम. म्हणूनच काकूचे औषधोपचार नावासाठी थांबले नाहीत. पण आकडेवारीत त्याचा फरक पडतो. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात मालवीय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत (प्रसिद्धी १९९३) ल्युपसचं प्रमाण लाखामागे साधारण ३ निघालं. इतक्या लहान आकड्यात एक जरी काकू आत-बाहेर झाली, तरी प्रमाण केवढं हलेल!

याच्या उलट्या टोकाने सुरुवात केलेलं काम आपल्या महाराष्ट्रात आहे. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 'कॉपकॉर्ड' पद्धतीने घरोघर पाहणी सुरू केली. तिथे पहिला प्रश्न रोगाच्या नावाचा नव्हता, दुखण्याचा होता. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंच्या तक्रारी निघाल्या. त्यानंतर तपासणी, आणि नाव शेवटी. संधिवाताभ आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, निघाला ०.५५ टक्के. ज्यांच्या दुखण्याला ठाम नाव बसेना, त्यांचाही गट अहवालात राहिला.

तुम्ही उद्या सिनॉप्सिस लिहाल, तेव्हा 'केस डेफिनिशन'च्या रकान्यात कुठल्या वर्षाचे निकष वापरले ते लिहाच. पण त्याखाली अजून एक ओळ ठेवा : तीनपर्यंत येऊन अडलेले किती? त्यांना गाळायचं असेल तर गाळा, पण मोजून गाळा.

काकू अजूनही तीनवरच आहे. वेचणीला जाताना आता हातमोजे घालते.