चाकोरी आणि रान

'चाकोरी' हा शब्द मूळचा गाडीवाटेचा. बैलगाडीची चाके पुन्हापुन्हा जाऊन जमिनीत जी खोल रेघ उमटते, ती चाकोरी. साहित्यचर्चेत 'चाकोरीबाहेरचे' हे विशेषण आपण इतक्या सढळ हाताने वापरतो की त्यातले चाक आणि त्याखालची जमीन दोन्ही विसरली जातात. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातले टिलामूक वन पाहताना हा मूळ अर्थ आम्हांला पुन्हा भेटला. पोर्टलंडहून समुद्राकडे जाणाऱ्या ६ क्रमांकाच्या महामार्गालगत या वनात ब्राउन्स कॅम्प नावाचा भाग आहे. पक्का रस्ता सोडून मोटारसायकली, चारचाकी दुचाक्या म्हणता येतील अशी लहान वाहने आणि जीपगाड्या डोंगरउतारांवर चालविण्यासाठी तेथे वाटा राखून ठेवलेल्या आहेत.

खरे सांगायचे तर आम्ही तेथे गेलो ते मनात नाराजी बाळगूनच. अरण्य म्हटले की शांतता, ऋषींचे आश्रम, माणसाच्या पसाऱ्याबाहेरचे काहीतरी, अशी कल्पना आपल्या वाचनातून आपल्यात मुरलेली असते. डग्लस फरच्या उंच झाडांमधून इंजिनांचा आवाज घुमू लागला, चिखलाने माखलेले स्वार वळणावरून उसळत आले, तेव्हा या लोकांनी निसर्गाची विटंबना चालविली आहे असे आमचे मत जवळजवळ ठरून गेले होते. ते मत डळमळले ते त्या रानाच्या इतिहासामुळे.

कारण हे रान 'आदिम' नाहीच. १४ ऑगस्ट १९३३ रोजी येथील गेल्स क्रीकच्या खोऱ्यात लाकूडतोड चालू असताना आग लागली. यंत्राने ओढून नेला जाणारा ओंडका एका वठलेल्या झाडावर घासला आणि ठिणगी पडली, असे सांगितले जाते. पहिले काही दिवस आग सावकाश पसरत होती. मग महिनाअखेरीस कोरडा पूर्ववारा सुटला आणि एका दिवसाच्या आत तिचे अक्राळविक्राळ रूप झाले. सुमारे २,४०,००० एकरांवरील जुने अरण्य जळाले. त्याच मुलखात १९३९, १९४५ आणि १९५१ मध्ये, म्हणजे दर सहा वर्षांनी, पुन्हा आगी लागल्या. एकूण सुमारे ३,५५,००० एकर प्रदेश या चार आगींनी भाजून काढला. लोक त्याला 'टिलामूक बर्न' म्हणू लागले. मंदीच्या काळात कर भरणे परवडेना म्हणून मालकांनी जमिनी सोडून दिल्या. त्या काउंटींकडे आल्या आणि पुढे उत्पन्नातील वाट्याच्या बोलीवर राज्याकडे गेल्या.

१९४८ मध्ये ऑरेगनच्या मतदारांनी, तेही थोडक्या मताधिक्याने, पुनर्लागवडीसाठी कर्जरोखे काढण्यास संमती दिली. १९४९ पासून काम सुरू झाले. हेलिकॉप्टरमधून बी पेरले गेले आणि सुमारे ७ कोटी २० लाख रोपे हातांनी लावली गेली. लावणाऱ्यांत मजूर होते, तुरुंगातील कैदी होते आणि बसमधून येणारी शाळकरी मुलेही होती. १९७३ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या हस्ते या भूमीला रीतसर 'टिलामूक राज्य वन' हे नाव मिळाले. ज्या सावलीला आम्ही निसर्ग समजत होतो, ती अशी एका पिढीच्या मेहनतीची सावली होती.

आता वाटांकडे पाहू. जळून उभे राहिलेले लाकूड बाहेर काढण्यासाठी, आणि पुढे रोपे व माणसे डोंगरावर नेण्यासाठी, या उतारांवर रस्ते खणले गेले. नवी आग अडावी म्हणून जळके खांब पाडून मोकळे पट्टे काढले गेले. आपल्याकडे वनखाते ज्यांना जाळरेषा म्हणते, तेच हे. येथील जीपस्वारांची एक प्रसिद्ध अवघड वाट 'फायरब्रेक फाइव्ह' या नावाने ओळखली जाते. म्हणजे पाचवी जाळरेषा. खडकावर चाक टेकवणाऱ्या स्वाराला आपण कोणत्या भीतीच्या खुणेवरून चाललो आहोत हे ठाऊक असेलच असे नाही, पण वाटेच्या नावाने ती भीती जपून ठेवली आहे.

म्हणून मग येथे वाहने कशीही फिरली तरी चालेल काय? ज्या काळात या वनाला नाव मिळाले, त्याच काळात हा प्रश्न देशभर विचारला जात होता. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून संघराज्याच्या जमिनींवर अशा वाहनांसाठी क्षेत्रे व वाटा ठरवून देण्यास सांगितले. माती, पाणलोट, वनस्पती आणि प्राणी यांची हानी कमीत कमी व्हावी, ही त्यामागची अट होती. १९७७ मध्ये कार्टर यांनी, गंभीर हानी दिसताच क्षेत्र बंद करण्याचा अधिकार स्पष्ट केला, आणि २००५ मध्ये राष्ट्रीय वनांसाठी 'नेमून दिलेल्या वाटांवरच वाहन' हा नियम आला. टिलामूक हे राज्याचे वन असल्याने हे आदेश त्याला थेट लागू नव्हते, पण विचाराची दिशा तीच राहिली. उतारावरची उघडी माती पावसाने वाहून विल्सन नदीत जाते आणि सामन माशांची अंडी ज्या खड्यांत असतात ते खडे गाळाने बुजतात. एका स्वाराची मौज डोंगरपायथ्याशी अशी पोचते. चाकोरी सोडण्याच्या आनंदासाठी आलेल्यांना चाकोरीतच राहा असे सांगावे लागते, हा विरोधाभास वाटला तरी त्यामागे हे साधे कारण आहे.

परतताना आम्ही एका मोटारसायकलजवळ थांबलो. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत ठिणगी अडविणारी जाळी बसविलेली असते. ती येथे सक्तीची आहे. १९३३ मधील त्या एका ठिणगीची आठवण कोणत्याही स्मारकापेक्षा या जाळीत अधिक जिवंत आहे, असे आम्हांला वाटले.

अस्पर्श निसर्ग राखावा हे आपण सहज मान्य करतो. परंतु माणसाने जाळलेले, माणसानेच पुन्हा लावलेले रान राखण्याची जबाबदारी त्याहून कमी असते काय? आमच्या मते ती अधिक असते, कारण त्या झाडांमागे कोणाचे तरी हात आहेत. मात्र हे सांगण्याचा अधिकार गाडीत बसून तासाभरासाठी आलेल्या आम्हां शांतताप्रेमींना जितका, तितकाच वाट दुरुस्त करण्यासाठी फावडे घेऊन येणाऱ्या स्वारालाही आहे. आम्ही ज्या रस्त्याने तेथे पोचलो, तोही त्याच रानातून काढलेला होता.