मन्रोव्हिल : न्यायालयाचे गाव, कादंबरीचे गाव

अमेरिकेच्या दक्षिणेत ‘काउंटी सीट’ या संज्ञेला जो अर्थ आहे, तो आपल्या ‘जिल्ह्याचे ठिकाण’ या शब्दप्रयोगातून पुरता व्यक्त होत नाही. तेथील काउंटी सामान्यतः आपल्या जिल्ह्यापेक्षा बरीच लहान असते आणि तिच्या मुख्य गावाचे अस्तित्वच न्यायालयाच्या इमारतीवर आधारलेले असते. मधोमध न्यायालय, भोवती चौक, चौकाला लागून दुकाने आणि वकिलांच्या कचेऱ्या. ॲलाबामा राज्यातील जेमतेम सहा हजार वस्तीचे मन्रोव्हिल हे त्याचे ठळक उदाहरण होय. साहित्याचा अभ्यासक मात्र त्याला ‘मेकोम’ या कल्पित नावाने ओळखतो.

क्रीक जमातीचा पराभव झाल्यावर १८१४ च्या तहाने तिची प्रचंड भूमी हिरावून घेतली गेली आणि पुढच्याच वर्षी मन्रो काउंटी अस्तित्वात आली. ॲलाबामाला राज्याचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, १८१९ मध्ये. काउंटीचे पहिले ठाणे नदीकाठचे क्लेबोर्न. १८२५ मध्ये लाफायेतचे स्वागत करण्याइतके ते संपन्न होते. १८३२ मध्ये ठाणे आत, मन्रोव्हिलला हलले. कालांतराने क्लेबोर्न ओस पडले. या साऱ्या वैभवाच्या मुळाशी कापूस होता आणि कापसाच्या मुळाशी गुलामांचे श्रम. स्थानिक इतिहासाच्या कौतुकपर कथनात पहिल्या गोष्टीला जितकी जागा मिळते तितकी दुसरीला मिळत नाही, हे नोंदवणे भाग आहे.

घुमटाचे घड्याळ मिरवणारे जुने न्यायालय विसाव्या शतकाच्या आरंभीचे. १९६३ पर्यंत तेथे खटले चालले. आतला न्यायकक्ष लंबवर्तुळाकार असून वर सज्जा आहे. याच गावात अमासा कोलमन ली वकिली करीत आणि काही वर्षे स्थानिक वृत्तपत्राचे संपादनही करीत. १९१९ मध्ये त्यांनी दोन कृष्णवर्णीय आरोपींचे वकीलपत्र घेतले. दोघेही फासावर गेले. १९३४ मध्ये वॉल्टर लेट या कृष्णवर्णीयाला एका गौरवर्णीय स्त्रीवरील बलात्काराच्या आरोपावरून देहदंड सुनावला गेला. पुढे त्याचे रूपांतर जन्मठेपेत झाले. लींची धाकटी कन्या हार्पर (जन्म १९२६) तेव्हा आठ वर्षांची होती. शेजारच्या घरात नातलगांकडे राहणारा मुलगा म्हणजे ट्रुमन कपोटी. ते घर आता नाही. दगडी कुंपणाचा काही भाग तेवढा उरला आहे. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) ही कादंबरी या साऱ्यातून उभी राहिली खरी, पण ती कोणत्याही एका खटल्याची नक्कल नव्हे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गो सेट अ वॉचमन’मध्ये तोच ॲटिकस वंशभेदाचा समर्थक म्हणून समोर येतो, तेव्हा वाचकांना बसलेला धक्का कादंबरीपेक्षा त्यांच्या श्रद्धेबद्दल अधिक सांगून जातो.

१९६२ च्या चित्रपटासाठी कलादिग्दर्शकाने हा न्यायकक्ष पाहून, त्याची मापे घेऊन हॉलिवूडमध्ये त्याची प्रतिकृती उभारली. आज मूळ कक्ष पाहणाऱ्याला चित्रपटच आठवतो. अस्सल वास्तूच प्रतिकृतीची प्रतिकृती वाटू लागते! जुने न्यायालय आता संग्रहालय आहे. १९९१ पासून तेथे कादंबरीचे नाट्यरूप होऊ लागले. पहिला अंक हिरवळीवर, दुसरा न्यायकक्षात. ज्यूरी प्रेक्षकांतूनच निवडली जाते आणि निकाल अर्थातच संहितेप्रमाणे, म्हणजे दोषी असाच लागतो. १९९७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने गावाला ‘ॲलाबामाची साहित्यिक राजधानी’ म्हणून गौरविले.

तथापि, या नाटकाच्या आरंभीच्या प्रयोगांना एक समांतर संहिता आहे, आणि तुलनाकाराला ती टाळता येणार नाही. १९८६ मध्ये मन्रोव्हिलमध्ये एका गौरवर्णीय तरुणीचा खून झाला. पुढील वर्षी वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय लाकूडतोड्याला अटक झाली. घटनेच्या वेळी तो घरी होता हे सांगणारे अनेक साक्षीदार होते. ते बहुतेक कृष्णवर्णीय होते. खटला ज्या शेजारच्या बॉल्डविन काउंटीत हलवला गेला, तेथे कृष्णवर्णीयांचे प्रमाण पुष्कळच कमी होते. सुनावणी दीड दिवसात आटोपली. ज्यूरीने जन्मठेप सुचविली असताना न्यायाधीशाने ती डावलून मृत्युदंड दिला. वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांनी हा खटला पुढे लढवला. ‘जस्ट मर्सी’ (२०१४) या पुस्तकात त्याचा वृत्तांत आहे. म्हणजे १९९१ मध्ये मन्रोव्हिलच्या रंगमंचावर टॉम रॉबिन्सनला दोषी ठरवले जात होते आणि प्रेक्षक हळहळत होते, तेव्हा त्याच काउंटीतला एक निरपराध माणूस शेजारच्या एस्कँबिया काउंटीतील होलमन तुरुंगात मृत्यूची वाट पाहत होता. साहित्याने मने घडतात, असे आपण वर्गात सहज सांगतो. मन्रोव्हिलचा पुरावा त्या विधानाच्या बाजूने पडत नाही. निदान तेवढ्या सरळपणे तरी नाही.

मॅकमिलियनची १९९३ मध्ये सुटका झाली. २०१३ मध्ये तो वारला. ज्यूरीचे मत डावलून मृत्युदंड देण्याचा न्यायाधीशांचा अधिकार ॲलाबामाने २०१७ मध्ये रद्द केला. हा कायदा पूर्वी दिलेल्या शिक्षांना लागू केलेला नाही.