मधु दंडवते : दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाचा रेल्वेमंत्री

थिवी किंवा मडगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालेला प्रवासी शयनयान डब्यातल्या गादीच्या बाकावर अंग टाकतो, तेव्हा हे बाक एकेकाळी निव्वळ लाकडी फळ्यांचे होते याचे स्मरण त्याला क्वचितच होते. ती फळी मऊ करण्याचा निर्णय घेणारे आणि गोव्याला कोकण किनाऱ्याने मुंबईशी जोडणाऱ्या लोहमार्गासाठी अनेक वर्षे झटणारे लोकप्रतिनिधी एकच होते : प्रा. मधु दंडवते.

दंडवते यांचा जन्म 21 जानेवारी 1924 रोजी अहमदनगर येथे झाला. पदार्थविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात अध्यापन करू लागले व पुढे त्या विषयाचे विभागप्रमुख झाले. ‘प्राध्यापक’ ही उपाधी मंत्रिपदानंतरही त्यांच्या नावाला चिकटून राहिली. 1942 च्या ‘छोडो भारत’ आंदोलनापासून ते सार्वजनिक जीवनात होते. समाजवादी विचार, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आणि गोवामुक्तीचा लढा हे त्यांच्या घडणीचे टप्पे होत. 1955 च्या गोवा सत्याग्रहात ते एका तुकडीचे नेतृत्व करीत पोर्तुगीज हद्दीत शिरले होते. गोव्याशी त्यांचे नाते असे रेल्वेच्या कितीतरी आधीचे आहे.

राजापूरचे खासदार

वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅ. नाथ पै यांच्या निधनानंतर 1971 मध्ये राजापूर मतदारसंघाने दंडवते यांना लोकसभेत पाठविले आणि पुढे सलग चार वेळा तोच कौल दिला. आकडेवारी व नियमांचा काटेकोर अभ्यास, आवेशातही न सुटणारा संयम आणि मिस्कील विनोद यांमुळे विरोधकही त्यांचे भाषण लक्षपूर्वक ऐकत. आणीबाणी जाहीर झाली त्या वेळी ते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते. तेथेच त्यांना अटक झाली. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते याही येरवड्याच्या तुरुंगात होत्या. आणीबाणीचा हा काळ पतिपत्नींनी दोन वेगळ्या कारागृहांत, पत्रांच्या आधारे काढला.

रेल्वे मंत्रालय

1977 मध्ये जनता पक्षाच्या सरकारात ते रेल्वेमंत्री झाले. 1974 च्या संपात नोकरी गमावलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी पुन्हा सेवेत घेतले. आरक्षणाच्या संगणकीकरणाची पायाभरणीही त्यांच्याच काळातली. परंतु सामान्य माणसाच्या लक्षात राहिला तो दोन इंच जाडीच्या फोमचा निर्णय. वरच्या वर्गाच्या सोयी काढून समता आणण्यापेक्षा खालच्या वर्गाचा दर्जा उंचावावा, असा त्यामागचा विचार होता. 26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई–हावडा मार्गावर सुरू झालेली गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गभेद नसलेली गाडी त्याच विचारातून आली.

कोकणचा लोहमार्ग

कोकण रेल्वेचे स्वप्न जुने होते. अडचण होती ती पैशाची. दंडवते रेल्वेमंत्री असताना आपटा–रोहा मार्गाला चालना मिळाली, मात्र पुढचे काम रखडले. योग जुळून आला तो डिसेंबर 1989 नंतर. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात दंडवते अर्थमंत्री, तर जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. केवळ रेल्वेच्या अर्थसंकल्पावर विसंबून न राहता स्वतंत्र महामंडळ स्थापावे, केंद्रासह महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ या राज्यांनी भांडवल घालावे आणि उर्वरित रक्कम रोख्यांतून उभारावी, असा मार्ग निघाला. जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली व ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून झालेला विरोध आणि पेडणे येथील बोगद्यात भुसभुशीत मातीने घेतलेली परीक्षा यांमुळे हा टप्पा सर्वांत शेवटी पुरा झाला. जानेवारी 1998 मध्ये रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे 740 किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. दंडवते 1991 मध्येच राजापुरातून पराभूत झाले होते. ज्या मार्गासाठी त्यांनी रदबदली केली, त्यावरून गाडी धावू लागली तेव्हा ते त्या भागाचे खासदार नव्हते. त्या पराभवाची कडवट तक्रार त्यांनी कधी केली नाही.

अखेरचे दान

पुढे 1996 ते 1998 या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. ‘मार्क्स अँड गांधी’सारखे वैचारिक लेखन आणि ‘डायलॉग विथ लाइफ’ हे आत्मकथन त्यांच्या नावावर आहे. रेल्वे आणि अर्थ अशी वजनदार खाती सांभाळूनही त्यांची राहणी मध्यमवर्गीय प्राध्यापकाचीच राहिली. 12 नोव्हेंबर 2005 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिव जे. जे. रुग्णालयाला देण्यात आले. आयुष्यभर शिक्षक म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाचा देह अखेर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी उपयोगी पडला.

सार्वजनिक सेवेचे मोजमाप पुतळ्यांवरून करण्याची आपल्याकडे रीत आहे. दंडवते यांच्याबाबत ते पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या कोणत्याही स्थानकावर, आरक्षणाचे साधे तिकीट हाती घेऊन उभ्या असलेल्या प्रवाशाच्या सोयीवरून करावे लागेल.