भिंतींना कोऱ्या कापडाच्या छटा

पांढरा, मोतिया, बिस्किटी, वाळूसारखा, राखाडी, मातकट अशा सौम्य छटांना गृहसजावटीत तटस्थ रंग म्हणतात. हे रंग स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाहीत. फर्निचर, पडदे आणि घरातील माणसे यांना पुढे येऊ देतात. भिवंडीकरांना ही कल्पना परकी वाटू नये. यंत्रमागावरून उतरलेले, धुलाई-रंगाई न झालेले कापड व्यापारात ‘ग्रे’ म्हणून ओळखले जाते. सुती ग्रे कापड प्रत्यक्षात राखाडी नसते. त्यावर सुताचा मूळचा पिवळसर पांढरा रंग असतो. योगायोग असा, की रंगांच्या शेड कार्डावर राखाडी आणि बिस्किटी यांच्या मधल्या छटेला आज ‘ग्रेज’ म्हणतात आणि कोऱ्या कापडासाठीही हाच शब्द वापरला जातो.

छटेमागची छटा

तटस्थ रंग निवडणे सोपे, हा समज मात्र खरा नाही. प्रत्येक फिकट रंगात पिवळी, गुलाबी, हिरवी किंवा निळी झाक दडलेली असते. पूर्वी चुन्याच्या सफेदीत चिमूटभर नीळ मिसळत, ती पिवळसरपणा झाकण्यासाठीच. शेड कार्डाच्या इंचभर तुकड्यावर ही झाक कळत नाही. त्याशेजारी कोरा पांढरा कागद धरल्यास ती चटकन दिसते. लादी लालसर असेल तर उबदार बिस्किटी छटा जुळते. पांढऱ्या-करड्या लादीशी राखाडी रंगाचा मेळ बसतो.

प्रकाश पाहून निवड

भिवंडीच्या जुन्या वस्त्यांत घरे एकमेकांना खेटून आहेत. अनेक खोल्यांना एकच खिडकी असते आणि तीही अरुंद गल्लीत उघडते. रंग किती प्रकाश परावर्तित करतो, हे शून्य ते १०० या मापात सांगितले जाते. अशा खोलीसाठी ७० किंवा त्याहून अधिक मापाची उबदार छटा घ्यावी. गडद राखाडी तेथे उदास दिसतो, तर छताला पांढरा रंग दिल्यास उजेड वाढतो. ६५०० केल्विनच्या शुभ्र दिव्याखाली राखाडी निळसर होतो आणि २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात बिस्किटी अधिक पिवळा दिसतो. म्हणून दोन फूट लांब-रुंद नमुना भिंतीवर लावून सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर पाहावा व मगच डबा विकत घ्यावा.

आधी ओल, मग रंग

कोकणपट्टीतील मुसळधार पावसाचा मारा भिवंडीच्या भिंतींनाही सोसावा लागतो. फिकट भिंतीवर ओलीचे डाग व बुरशीचे काळे ठिपके सर्वांत आधी उठून दिसतात. दसरा-दिवाळीच्या घाईत ओल्या भिंतीवर रंग चढवला, तर पुढच्या पावसाळ्याच्या आतच पोपडे सुटतात आणि सारा खर्च वाया जातो. गच्चीचा उतार, बाहेरच्या गिलाव्यातील भेगा व गळके नळ आधी दुरुस्त करावेत. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद करून दिवसभर ठेवावा. आतून पाण्याचे थेंब दिसले, तर रंगकाम लांबणीवर टाकावे. नव्या गिलाव्याला निदान महिनाभर सुकू द्यावे. त्यानंतर लांबी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात, हा क्रम पाळावा.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये, कारण त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर भिंतींवर आजही असू शकतात. पृष्ठभाग ओला करूनच घासावा आणि त्या वेळी लहान मुले व गर्भवतींना दूर ठेवावे.

धूळ, पोत आणि खर्च

यंत्रमागांच्या परिसरात सुताचे बारीक तंतू हवेत तरंगतात. खडबडीत, नक्षीदार भिंतीत ते अडकून बसतात. तेथे मंद तकाकीचे, धुता येणारे इमल्शन उपयुक्त ठरते. मात्र तकाकीमुळे भिंतीचा उंचसखलपणा उठून दिसतो, म्हणून लांबीचे काम चोख हवे.

१० बाय १२ फूट व ९ फूट उंचीच्या खोलीच्या चार भिंती ३९६ चौरस फूट भरतात. दार-खिडक्या वजा जाता सुमारे ३५० आणि छत १२० चौरस फूट धरावे. एक लिटर किती चौरस फुटांना पुरते, हे डब्यावर पाहून हिशेब करावा. एका खोलीचा रंग एकाच वेळी व एकाच बॅचचा घ्यावा. फिकट छटेतील किंचित फरकही भिंतीवर जाणवतो.

भिंती शांत ठेवल्या, की रंगांची हौस पडदे, चादरी आणि उशांचे अभ्रे यांवर भागवता येते. कापड बदलले की खोलीचे रूप पालटते आणि रंगकाम पुन्हा काढावे लागत नाही. कापडाच्या या गावात हा मार्ग खिशालाही परवडणारा आहे.