धार पात्याची, कसोटी हाताची: पडेगाव ते जपान

१/१४
छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद-वेरूळकडे जाणारा रस्ता छावणी ओलांडून पडेगावात शिरतो. लेण्यांकडे निघालेल्या गाड्या येथे सहसा थांबत नाहीत. मात्र तलवार नेमकी कशामुळे कापते, या प्रश्नाचे एक जुने उत्तर ज्या निजामी घोडदळाने दिले, त्याचे एक ठाणे याच छावणीत होते. त्या उत्तराचा धागा जपानपर्यंत पोहोचतो.

२/१४
तलवारीच्या कसोटीला जपानमध्ये ‘तामेशिगिरी’ म्हणतात. एदो काळात (१६०३–१८६८) ही परीक्षा मुख्यतः पात्याची असे. यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणारे घराणे देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या मृतदेहांवर पाती पारखत असे. कसोटीचा निकाल पुष्कळदा पात्याच्या मुठीत दडणाऱ्या भागावर कोरला जाई.

३/१४
१८७६ मध्ये जपानी सरकारने सामुराईंना उघडपणे तलवार बाळगण्यास बंदी केली. पुढे तामेशिगिरी उरली ती विद्या म्हणून, आणि तिचा अर्थ उलटला. आता पाते पारखलेलेच असते. पारखायचा असतो तो हात. मृतदेहाची जागा पाण्यात भिजवून गुंडाळलेल्या चटईने घेतली. कधी त्या गुंडाळीत हिरवा बांबू घालतात, हाडाच्या जागी.

४/१४
नवशिक्याचा पहिला घाव बहुधा फसतो. चटई उभी, पाते वस्तऱ्यासारखे, अंगात जोरही भरपूर. तरीही पाते अर्ध्यावर अडकते, किंवा गुंडाळीच खुंटीवरून उडून पडते. नवशिक्याला वाटते, जोर कमी पडला. तो दुप्पट बळाने दुसरा घाव घालतो आणि तोही वाया जातो. कधी पातेच वाकते.

५/१४
कारण साधे आहे. धार ज्या दिशेला तोंड करून आहे आणि पाते ज्या दिशेने चालले आहे, त्या दोन्ही रेषा एक व्हाव्या लागतात. जपानी भाषेत या मेळाला ‘हासुजी’ म्हणतात. मनगट किंचित वळले तरी धार तिरकी पडते आणि पाते पाचरीसारखे रुतते. अधिक जोर लावणारा मूठ आवळतो. आवळलेली मूठ मनगट वळवते.

६/१४
महाराष्ट्राला ही कसोटी परकी नाही. मर्दानी खेळात पट्टेबाज जोडीदाराच्या तळहातावरचे लिंबू एका फटक्यात दुभागतो. २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळालेल्या दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या खोबणीत असते. मनगटाला फारसा वाव नाही. घाव खांद्यातून आणि पवित्र्यातून येतो. म्हणून नवशिक्याच्या हाती आधी लाठी येते, पट्टा नंतर.

७/१४
आता निजामी घोडदळाकडे. लुई एडवर्ड नोलान हा हिंदुस्थानात नोकरी केलेला ब्रिटिश घोडदळाचा अधिकारी. १८५३ मध्ये त्याचा घोडदळाच्या इतिहासावरील व डावपेचांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. निजामाच्या घोडेस्वारांनी संख्येने अधिक असलेल्या रोहिल्यांचा मोड केल्याची हकिकत त्यात आहे. एकेका घावात मुंडकी आणि हात तुटल्याचे ऐकून तो थक्क झाला होता.

८/१४
असली पोलादे कोठली, याचा त्याने शोध घेतला. उत्तर मिळाल्यावर तो अधिकच चकित झाला. त्यातील बहुतेक पाती ब्रिटिश पलटणींनी मोडीत काढलेली होती! गोऱ्या स्वारांच्या हाती बोथट ठरलेले तेच पोलाद या स्वारांच्या हाती हाड कापत होते.

९/१४
फरक तीन गोष्टींत होता. स्वारांनी पात्यांना आपल्या पद्धतीची लहान, चपटी मूठ बसवली होती. ब्रिटिश गोल मुठीत धार कोठे आहे हे हाताला कळत नसे. म्यान लाकडी होते. ब्रिटिश लोखंडी म्यानात पाते घासून धार मरे. आणि तलवार लढाईखेरीज उपसली जात नसे. ब्रिटिश स्वार कवायतीत ती रोज उपसत.

१०/१४
जपानी तलवार याच जातीची. तिची मूठ लंबगोल, म्हणून डोळे मिटूनही धारेची दिशा समजते. म्यान होनोकी नावाच्या मऊ लाकडाचे. दख्खनचा स्वार आणि जपानी कारागीर एकमेकांना ठाऊकही नव्हते. तरी दोघेही एकाच निष्कर्षाला आले.

११/१४
घाव कसा घालायला शिकवता, असे नोलानने एका वृद्ध स्वाराला विचारले. शिकवायचे काय त्यात, धारदार तलवार कोणाच्याही हाती कापते, अशा आशयाचे उत्तर आले. मग चटईपुढे फसणारा नवशिका? या ‘कोणाच्याही’ शब्दाचा अर्थ त्या स्वाराच्या जगातून लावावा लागतो.

१२/१४
तेथील स्वार शिलेदार होता. घोडा त्याचा, हत्यारही त्याचेच. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिराहून त्याची स्थिती वेगळी. तलवार गमावली वा बोथट झाली तर नुकसान त्याचे, आणि प्राणही त्याचाच. म्हणून ती धार तो जपे. ज्याला तो शिक्षण म्हणत नव्हता, ते त्याच्या रोजच्या जगण्यातच होते.

१३/१४
१८५३ च्या तहानंतर ही फौज ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. जून १८५७ मध्ये तिचा पहिला रिसाला औरंगाबादच्या छावणीत होता. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, या शंकेने स्वार बिथरले. जनरल वुडबर्नच्या फौजेने उठाव मोडला. काहींना फाशी, काहींना गोळ्या. काहींना तोफेच्या तोंडी दिले गेले. क्रांती चौकातील काळा चबुतरा त्याची आठवण जपतो.

१४/१४
धार कोणाच्याही हाती कापेल. पण ती कोणावर चालवायची, हा प्रश्न धार सोडवत नाही. तो त्या स्वारांनी स्वतः सोडवला आणि किंमत मोजली. लिंबाच्या खेळातही लिंबू कापले जाणे ही अर्धीच परीक्षा. त्याखालचा तळहात अभंग राहणे, ही उरलेली अर्धी. चटईपुढे उभ्या नवशिक्याला गुरू प्रथम मूठ सैल करायला सांगतो, तो याचसाठी.

(समाप्त)