दोन झाडांच्या आधाराने एक रात्र
मुंबई-पुण्याजवळच्या सह्याद्रीत टांगत्या झोळीचा मुक्काम

शनिवारी दुपारी घर सोडावे, अंधार पडण्यापूर्वी सह्याद्रीतील एखाद्या माचीवर पोहोचावे, रात्र उघड्यावर काढावी आणि रविवारी दुपारपर्यंत परतावे, ही मुंबई-पुण्याच्या भटक्यांची जुनी रीत आहे. पूर्वी या मुक्कामासाठी गुहा, देऊळ किंवा गावातील शाळेची पडवी गाठली जात असे. पुढे तंबू आले. आता अनेकांच्या पाठपिशवीतून तंबूऐवजी नायलॉनच्या तलम कापडाची एक लहानशी गुंडाळी निघते. दोन झाडांमध्ये बांधली की तिचा बिछाना होतो. हीच टांगती झोळी, म्हणजे हॅमॉक.

कापड आणि पट्टे मिळून तिचे वजन साधारण अर्धा ते एक किलो भरते. तिला सपाट जागा लागत नाही. उतार, दगडगोटे वा ओल यांची अडचण होत नाही. लागतात ती दोन भक्कम झाडे. तंबूला जमीन पुरते, झोळीला झाड हवे, या एका फरकामुळे मुक्कामाची जागा, हंगाम आणि परवानगी ही सगळीच गणिते बदलतात.

झोळी जुनीच

‘हॅमॉक’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील तायनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. कोलंबस १४९२ मध्ये त्या बेटांवर पोहोचला, तेव्हा तेथील लोक विणलेल्या झोळ्यांत झोपत असल्याचे त्याच्या नोंदींत आढळते. पुढे युरोपीय नौदलांनी जहाजांवरील खलाशांसाठी ती स्वीकारली. महाराष्ट्रालाही ही कल्पना नवी नाही. शेतावर राबणारी आई जुन्या लुगड्याची झोळी झाडाच्या फांदीला बांधून तान्ह्या मुलाला तीत निजवते. मोठ्या माणसाच्या झोळीचे तत्त्व तेच असले, तरी वजन वाढते आणि त्याबरोबर बांधणीतील चुकीची किंमतही वाढते.

ताणाचे गणित

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे झोळी खाटेसारखी ताठ बांधणे. झोळी जितकी ताठ, तितका पट्ट्यांवर आणि झाडांवर येणारा ओढा अधिक. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर ७० किलो वजनाच्या माणसामुळे प्रत्येक पट्ट्यावर सुमारे ७० किलोंचा ताण येतो. कोन १५ अंशांवर आला की हा ताण १३५ किलोंच्या घरात जातो आणि १० अंशांवर तो २०० किलोंपर्यंत पोहोचतो. शिवण उसवणे, कडी निसटणे किंवा कोवळे झाड वाकणे असे प्रकार बहुधा यातूनच घडतात.

म्हणून झाडांमधील अंतर १२ ते १५ फूट असावे, पट्टे डोक्याच्या उंचीला बांधावेत आणि झोळीला मोकळा झोल द्यावा. माणूस बसल्यावर झोळी जमिनीपासून खुर्चीइतक्या, म्हणजे दीड फुटाच्या आसपासच्या उंचीवर राहिली पाहिजे. खाली दरी वा खडक असेल अशा ठिकाणी ती कधीही बांधू नये. झोपताना अंग मधल्या रेषेत न ठेवता तिरपे टाकावे. त्यामुळे कापड पसरते, पाठ बरीचशी सपाट राहते आणि सकाळी कंबर धरत नाही.

झाडाची पारख

खोड किमान मांडीएवढे जाड, जिवंत आणि मुळांशी पक्के असावे. सह्याद्रीत बसाल्टवर मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असतो. कड्याच्या काठावरील झाड वरून डेरेदार दिसले, तरी त्याची मुळे खोल गेलेली असतीलच असे नाही. आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन यांची जुनी झाडे सहसा भरवशाची असतात. पांगारा ठिसूळ, तर काटेसावर काट्यांनी भरलेली; ही झाडे टाळावीत. बांधण्यापूर्वी मान वर करून पाहणे सर्वांत महत्त्वाचे. वाळलेली फांदी आणि आग्या मोहोळ यांच्याखाली मुक्काम नको. आग्या मोहोळाच्या माश्या धूर, गोंगाट आणि उग्र वासाने चवताळतात.

पातळ दोरी सालीत रुतते आणि सालीलगतचे अन्न वाहून नेणारे थर चेपले जातात. त्यासाठी किमान १ इंच रुंद, शक्यतो त्याहूनही रुंद पट्टे वापरावेत. खिळे ठोकणे किंवा फांद्या छाटणे वर्ज्य मानावे. आंबा मोहोरलेला असताना फांदीला हात न लावलेलाच बरा. झाड देवराईतील असेल, तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय त्याला स्पर्शही करू नये. तेथे काटकीही न तोडण्याचा दंडक अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. देवळाचे खांब, वीरगळ, दीपमाळ किंवा ढासळती तटबंदी यांना झोळी बांधणे तर सर्वथा गैर. त्यात वारशाची हानी आहे आणि जिवाला धोकाही.

थंडी, दव आणि साप

झोळीत थंडी खालून लागते. पाठीखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगची ऊब नाहीशी होते आणि कापडाखालून वारा वाहत राहतो. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर याचा चांगलाच प्रत्यय येतो. फोमची कॅरीमॅट झोळीत अंथरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रात्रभर दव पडते, त्यासाठी वर हलकी ताडपत्री ताणावी. डास तलम कापडातूनही चावतात, मच्छरदाणी हवीच.

झोळीचा एक मोठा फायदा सहसा लक्षात घेतला जात नाही. मण्यार हा अत्यंत विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना त्याचा दंश होण्याच्या घटना ग्रामीण भागात घडतात. हा धोका झोळीत बराच कमी होतो. मात्र मध्यरात्री खाली उतरताना तो पुन्हा समोर असतो. बॅटरी उशाशी ठेवावी आणि बूट झटकून मगच पाय घालावा.

कोठे जावे

बहुतेक गडांचे माथे उघडे, गवताळ आणि वाऱ्याचे. झोळीच्या दृष्टीने ते निरुपयोगीच. तिची खरी जागा माचीवर, पायथ्याच्या गावाजवळील झाडीत किंवा गावकऱ्यांच्या खासगी जमिनीवर आहे.

राजमाची हे याचे उत्तम उदाहरण. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे १५ किलोमीटरची, फारसा चढ नसलेली वाट उधेवाडी गावात जाते. कर्जतच्या बाजूने कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांजवळून चढणारी वाट छोटी, पण दमछाक करणारी आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले पाहून गावात उतरावे, तेथेच जेवावे आणि घरमालकाच्या संमतीने त्याच्या झाडांना झोळी बांधावी. कर्जत तालुक्यातील कोथळीगडाखाली पठारावर वसलेले पेठ हे गावही अशाच मुक्कामाचे. सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना हे या गडाचे वैशिष्ट्य. पुणेकरांना तुंग-तिकोन्याच्या परिसरात, पवना धरणाकाठी खासगी जागा मिळतात. तेथे रात्री पाण्यात उतरण्याचा मोह मात्र टाळावा.

मुंबईहून कर्जत रेल्वेने १०० किलोमीटर, तर पुण्याहून लोणावळा सुमारे ६४ किलोमीटर आहे. दोन्ही ठिकाणी लोकल जाते, त्यामुळे अशा भटकंतीला मोटार अनिवार्य नाही.

परवानगीचा प्रश्न

राज्य सरकारने २०१८ मध्ये राज्य संरक्षित किल्ल्यांवरील रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. मद्यपान आणि नासधूस यांच्या तक्रारी वाढल्यानंतर हे पाऊल उचलले गेले आणि त्याची झळ शिस्तीने भटकणाऱ्यांनाही बसली. लोहगड, विसापूर ही केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. लोहगड आणि राजगड यांचा जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या मालिकेत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अशा जागी झोळी टांगण्याचा विचारही करू नये.

अभयारण्यांचे नियम वेगळे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना रात्र काढता येत नाही. शेकरूसाठी १९८५ मध्ये घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य आणि मुंबईच्या कुशीतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान दोन्ही यात मोडतात. राखीव वनांतही वन विभागाकडे आधी चौकशी करणे श्रेयस्कर. गावच्या हद्दीत राहायचे असल्यास सरपंच किंवा पोलीस पाटील यांना कल्पना द्यावी. ही औपचारिकता नव्हे. रात्री काही विपरीत घडले, तर मदतीला प्रथम धावून येतात ते गावकरीच.

हंगाम कोणता

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. त्यानंतर पानगळ होते, गवत वाळते आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर मार्च २०१८ मध्ये वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहकांनी प्राण गमावले. झाडीत मुक्काम करणाऱ्याने शेकोटीचा हट्ट सोडावा. स्वयंपाक गावातील चुलीवर होऊ द्यावा.

पावसाळ्यात झोळी घरीच राहू द्यावी. भिजलेल्या मातीत झाडांची पकड सैल होते, वाऱ्याने फांद्या मोडतात आणि डोंगरउतार धोक्याचे बनतात. इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी ही भटक्यांच्या ओळखीची वस्ती. जुलै २०२३ मधील एका रात्री ती दरडीखाली गाडली गेली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांनाही डोंगराने सावध होण्यास वेळ दिला नाही. एका रात्रीच्या पाहुण्याने तर अशा उतारापासून दूरच राहावे.

निघण्यापूर्वी

झोळी, पट्टे, ताडपत्री, मच्छरदाणी, कॅरीमॅट, उबदार कपडे, बॅटरी, प्रथमोपचाराची पेटी आणि तीन लिटर पाणी एवढे सामान एका रात्रीला पुरते. झोळी आधी एकदा दिवसा बांधून पाहावी. अंधारात पहिला प्रयोग करू नये. मार्ग आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवावी. अनेक घळींत मोबाइलला रेंज मिळत नाही. आपत्कालीन क्रमांक ११२ लावायचा झाल्यास उंच, मोकळ्या जागी जावे लागते. कचरा शहरात परत आणावा. निघताना झाडाच्या सालीवर पट्ट्याचा वळ उमटला आहे का, तेही पाहून घ्यावे. वळ दिसलाच, तर पुढच्या खेपेस अधिक रुंद पट्टे आणि अधिक जाड खोड निवडावे.